खडकावरचं शिसं

बाईला रागवायला वेळ लागत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अंगकाठी बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून तर शिवणकाम करणाऱ्या या बाईला टाचणी हे नाव पडलं. पण त्या सकाळी खडकाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरचा नवा फलक वाचून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकाला गेली असती. 'गळाच्या शिशामुळे व नायलॉन दोरीमुळे पक्षी मरत असल्याने हाताने गळ टाकण्यास बंदी. हौशी मासेमारी मंडळाच्या सभासदांस मुभा.'

म्हणजे शिसं टाकून घाण करणारे आत आणि साधी बाई बाहेर. आता बोला.

तीस वर्षं ती ओहोटी पाहून त्या खडकावर जात होती. शिकवलं सासऱ्यांनी. तळाला राहणारा मासा कपारीत दबा धरून बसतो. गळ त्याच्या दाराशी न्यावा लागतो, आणि तिथे गळ बुडवणारं वजन हमखास अडकतं. म्हणून सासऱ्यांची रीत अशी, की वजन म्हणजे तिथलाच एखादा दगड, आणि तो बांधायचा कच्च्या सुती दोऱ्याने. अडकला की हिसका द्यायचा. दोरा तुटतो, दगड दगडांत राहतो, गळ माशासकट वर येतो. पाण्यातला दोरा काही दिवसांत कुजून जातो.

"सूनबाई, तू तुटणारा दोरा निवडून नेतेस, हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस," असं सासरे दरवेळी म्हणायचे आणि ती दरवेळी हसायची.

आता सासऱ्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. तळाच्या माशाचं मऊ पांढरं मांस तेवढं त्यांना सुखाने खाता यायचं. फलकाने तेही काढून घेतलं, आणि वर पक्षी मारल्याचा आळ घातला.

ती तडक बंदर कचेरीत गेली. साहेबांसमोर मंडळाचे अध्यक्ष चहा पीत बसले होते.

"साहेब, मी शिसं वापरतच नाही. दगड बांधते, सुती दोऱ्याने."

"समुद्रात दगड काय कमी आहेत?" अध्यक्ष म्हणाले. "त्यातला तुमचा कुठला, ते कसं कळणार? आमचे सभासद शिस्तीचे आहेत, टाकलेलं सगळं घरी परत नेतात."

साहेब जरा ओशाळले, पण माणूस बोटचेपा. "बाई, आदेश निघालाय. आधी पाळून तर दाखवा."

"पाळते," ती म्हणाली आणि निघाली. टाचणी एका शब्दावर थांबली, तेव्हाच साहेबांनी सावध व्हायला हवं होतं.

बंदी गळ टाकायला होती, वेचायला नव्हती. आठ दिवस ती कात्री घेऊन ओहोटीला उतरली. कपारींत हात घालून शिशाचे गोळे उपसले, नायलॉनचे गुंते कापले, बोटं सोलवटून घेतली. सासरे वरच्या पायरीवर पिशवी धरून बसायचे. जाता-येता ती पायऱ्यांवर नेमलेल्या पहारेकऱ्याला आपले खिसे दाखवायची, गळ नाही ना ते बघ म्हणून. त्या बिचाऱ्यालाच लाज वाटायची.

नवव्या दिवशी तिने भरलेली पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "खडक साफ झाला. माणूस पाठवून बघा आणि पोच द्या."

पहारेकरी बघून आला. शिशाचा एक कण उरला नव्हता. साहेबांनी पोच लिहिली.

"स्वतःचं पाप स्वतःच धुतलं म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले. ती कागद घडी करून घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी ती परत आली. अध्यक्ष होतेच, चहाही होता. तिने पोच टेबलावर पसरली आणि शेजारी त्याच खडकावरून भरलेली दुसरी पिशवी रिकामी केली. शिसं कोरं, चकचकीत. मग कापडात गुंडाळलेलं काहीतरी हळूच उलगडलं. समुद्रपक्षी होता, मेलेला. दोन्ही पाय नायलॉनने आवळलेले, आणि खाली लोंबणारा तसाच चकचकीत गोळा.

"खडक साफ होता, हे तुम्हीच लिहून दिलंत. त्यानंतर मी गळाला हात लावलेला नाही, तुमचाच पहारेकरी साक्षीला आहे. मग हा कुणी मारला?"

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. कपाकडे गेलेला हात अध्यक्षांनी मागे घेतला.

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "उद्यापासून या तुम्ही. आदेश मागे घेतो. फलकही काढायला सांगतो."

"मी येईनच. पण फलक काढायचा नाही. त्यावरचं खोटं महिनाभर सगळ्या गावाने वाचलंय, आता खरं वाचू दे. शिसं कुणाचं होतं ते लिहा."

"त्याला वेळ लागेल हो."

टाचणीने अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. पक्षी टेबलावरच होता. "लागू दे. उशीर होईल, असं मामंजींना सांगूनच आलेय."