पंखांच्या सहा वह्या

बंगळूरच्या आमच्या मराठी वाचनमंडळात तीन म्हातारे एकत्र बसले की किस्सा घडतोच. माझी कादंबरी तपासायला बसले, तेव्हा तर ढीग लागला! देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं झाली होती. आम्ही पोरं मात्र अजून परवानगीच मागत होतो.

कादंबरी ग्रीकांच्या जुन्या कथेवर. कैदेतला कारागीर बाप मुलाला पिसांचे, मेणाचे पंख करून देतो. मुलगा सूर्याजवळ जातो, मेण वितळतं, मुलगा समुद्रात पडून मरतो. जग म्हणतं, पोरगा उद्दाम. मी लिहिलं, चूक बापाची!

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं. माझे वडील, अण्णा, विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते.

मंडळाचा नियम असा, की तिघा ज्येष्ठांच्या सह्या झाल्या तरच पुस्तक छापायचं. तिसरे ज्येष्ठ अण्णाच.

*

अध्यक्ष रामराव वही न उघडताच म्हणाले, "आपल्या पुराणांत पोरं संपली काय रे?"

"संपली नाहीत, काका. पण ती बापाचं ऐकून वनवासाला जातात. मला न ऐकणारा हवा होता."

"कॉलेज सोडून हेच शिकलास?"

"कॉलेजात शिकवत नव्हते, म्हणून तर सोडलं!"

*

हस्तलिखिताच्या वह्या घरोघर फिरायच्या. ज्याला जी मिळेल ती त्याने वाचायची. दुसरे ज्येष्ठ नाना मास्तर. त्यांनी आधी सहावी वाचली, शेवटी पहिली.

"मास्तर, वह्यांवर नंबर आहेत."

"चाळीस वर्षं पेपर तपासले मी. नंबर कधी बघितला नाही!"

मग प्रसन्न होऊन सही ठोकली. "मधे स्वल्प गोंधळ आहे. पण शेवटी बाळ जन्मतं. गोड शेवट!"

*

रामरावांच्या घरून पाचवी वही गायब झाली. सभेच्या दिवशी त्यांच्या बायकोने, कमळक्कांनी, ती आणली. पानापानावर हळदीची बोटं.

"ह्यांनी वाचली नाही. मी दोनदा वाचली, शेजारणींनी रडून रडून वाचली. सहावी कुठाय?"

"अगं, सभा चाललीय..."

"सही करताय, की आजपासून खानावळीत जेवताय?"

अध्यक्षांनी पेन शोधलं!

*

राहिले अण्णा. पंख बनवण्याचा प्रसंग असलेली चौथी वही तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होती.

"अण्णा, लेकाने बापालाच दोषी ठरवलंय," रामराव आशेने म्हणाले. "तुम्ही सही करणार?"

अण्णांनी वही पुढे सरकवली. मी उघडली. बापाला दिलेल्या शिव्यांतलं एकही अक्षर खोडलेलं नव्हतं. फक्त पंखांची मापं लाल पेन्सिलीने खोडली होती, आणि आत घडी घालून ड्रॉइंग ठेवलं होतं. दोन पंख, प्रत्येक पीस, प्रत्येक सांधा मापात. कोपऱ्यात, कारखान्यातल्या नकाशांवर करतात तशी, 'तपासलं' लिहून सही.

"तुझ्या पंखांनी पोरगा अंगणातसुद्धा उडाला नसता," अण्णा म्हणाले. "सूर्यापर्यंत जायचंय ना त्याला? सरी, ठीक आहे. आता जाईल."