कोआलाचं पिल्लू

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. नव्वदच्या सुमारास आम्ही ऐरोलीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा दारावर येणाऱ्या कोळीणबाईंनी तो दोन दिवसांत ओळखला. बोंबील असो की बांगडा, कल्ला उघडून लालभडक दिसल्याशिवाय मी मासळी घेत नसे. त्या वैतागून म्हणत, "ताय, तुजा कोनावर बरवसाच नाय!"

माझी मुलगी तिसरीत होती, इंग्रजी माध्यमात. एकदा परीक्षेचा पेपर सहीसाठी घरी आला. प्राणी आणि त्यांची पिल्लं. कोआलाच्या पिल्लापुढे तिनं 'जोई' लिहिलं होतं आणि टीचरनी त्यावर लाल फुली मारली होती.

"आई, टीचरचं चुकलंय. ज्यांच्या पोटाला पिशवी असते, त्या सगळ्यांच्या पिल्लांना जोईच म्हणतात."

मी तिचं पाठ्यपुस्तक काढलं. त्यात जोई फक्त कांगारूचं होतं. शिवाय मला ते पटेचना. गाईचं वासरू, शेळीचं करडू, घोडीचं शिंगरू. म्हशीच्या रेडकाला कुणी करडू म्हणतं का? मग पाच-सहा प्राण्यांत मिळून एकच शब्द कसा असेल?

"कुठे वाचलंस?"

"लायब्ररीतल्या जाड पुस्तकात. ते घरी देत नाहीत."

"हो का? बरंच सोयीचं पुस्तक आहे की!"

आदल्याच आठवड्यात तिनं डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी मांजराला घालून 'संपवली' म्हणून सांगितलं होतं. तेच माझ्या डोक्यात बसलेलं. वर्गात टीचरशी वाद घातल्याचंही तिनं कबूल केलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "उद्या जाऊन माफी मागायची. खोटं बोलले म्हणून सांगायचं," असं बजावून मी पेपरवर सही केली. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे माफी मागून आली.

महिन्याभरानं पालकसभा होती. आम्हाला लायब्ररीतच बसवलं होतं. समोरच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक दिसलं. कुणी बघत नाहीसं पाहून मी ते काढलं. आत वहीच्या कागदाची पट्टी खुणेला घातली होती, तिच्यावर माझ्या लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आईला दाखवायचं'. त्या पानावर कोआला होता, खाली जोई. कांगारूचं जोई, वॉम्बॅटचं जोई, ओपोसमचंही जोईच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मासळीचे कल्ले उघडून बघणारी मी, पण हे पुस्तक बघायला शाळेत आले नव्हते.

घरी येऊन तिला जवळ घेतलं. म्हटलं, "तुझंच बरोबर होतं गं. उद्या टीचरना सांग."

ती दप्तर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "काय सांगू? तेव्हा खोटं बोलत होते, की माफी मागताना खोटं बोलले?"