न मोजलेलं दार

इतकी वर्षं झाली, पण सिव्हिल लाइन्समधला तो बंगला अजून डोक्यातून जात नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा त्या भागात फौजदार होतो.

बंगला इंग्रज साहेबाच्या काळचा. हातभर रुंद भिंती, चौफेर व्हरांडा, छताला दोरीच्या पंख्याचे जुने आकडे. आता तिथं एक वकील राहत. कुटुंब लग्नाहून परतलं, तर चांदीची भांडी गायब. कुलूप शाबूत, आणि किल्ली फक्त म्हाताऱ्या स्वयंपाक्याजवळ. त्याला आम्ही ठाण्यात आणून बसवलं. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी हात जोडून उभी. "साहेब, त्यायले मारू नका जी. त्यायनं नाई केलं."

ठाणेदार म्हणाले, "उद्या रिमांड घेऊ. पट्टा दाखवला की बोलते बुढा."

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे त्यांना ठाऊक होतं. "काय पदवीधर, पुस्तकात चोर सापडते का?" ते हसले, पण वेळ दिला.

तेवढ्यात माझा खबऱ्या आला. "साहेब, वकिलाचा पुतण्या सराफ्यात चांदीचा भाव पुसून राहिला."

हा पुतण्या कुटुंब लग्नाला जाण्याआधी बंगल्यावर मुक्कामाला होता. पण भाव विचारणं हा काही गुन्हा नव्हे. आणि किल्लीशिवाय तो शिरला कुठून?

मी वकिलांना विचारलं, बंगल्याला दारं किती? त्यांनी बोटांवर मोजली. पुढचं, बाजूचं, स्वयंपाकघराचं. सगळी बंद होती म्हणे. मी बाहेरून फेरी मारली. मागे न्हाणीघराच्या भिंतीला, बोगनवेलीआड, दगडी पायऱ्या आणि एक बुटकं दार. मेहतरानं बाहेरच्या बाहेर येऊन संडास साफ करून जावं, म्हणून साहेबलोकांनी ठेवलेलं. माझी आजी आयुष्यभर अशाच दारांनी बंगल्यांत शिरली. फ्लश आल्यावर ते दार पडून राहिलं होतं. आत जाऊन पाहिलं, तर आतल्या गंजलेल्या कडीला ताजं तेल. म्हणजे घरात राहून गेलेल्या कुणीतरी ती आधीच काढून ठेवली होती. ज्याच्याजवळ किल्ली आहे, त्याला ही कडी कशाला लागते?

"अहो, ते दार थोडंच आहे!" वकील म्हणाले.

पुतण्याला बोलावलं. प्रत्येक प्रश्न त्यानं ताठ बसून उडवून लावला. शेवटी मी सहज म्हटलं, "मागच्या दारानं शिरला ना?" स्वयंपाकघराचं दारही मागेच होतं.

तो उसळला. "मी काहून जाऊ मेहतराच्या दारानं? आमचं खानदान..."

मी त्याला तिथंच थांबवलं.

"कोणतं दार ते?" मी विचारलं. "तुझ्या काकाले तर ते मोजताच नाही आलं."

मग भांडी कुठं ठेवली ते त्यानं सांगितलं. भांडी त्याच्या मित्राच्या घरातून पंचांसमक्ष जप्त झाली.

वकील ठाण्यात आले आणि स्वयंपाक्याला म्हणाले, "चल, झालं गेलं विसर. आज घरी पाहुणे आहेत जेवायला."

म्हातारा शांतपणे उठला. "आता तुमच्या घरी फोडणी देणं नाई होत जी माह्याच्यानं." बायकोला घेऊन तो सदर बाजाराच्या रस्त्यानं निघून गेला.

त्यानंतर कुठंही पंचनाम्याला गेलो, तरी घरमालकाच्या सांगण्यावर दारं लिहून घेतली नाहीत. स्वतः फिरून पाहिली. मालक मुद्दाम लपवतो असं नाही. ज्या दारानं त्याला कधी जावं लागलं नाही, ते त्याला दिसतच नाही.