म्हशींचा पावा

"ह्यो वाजवायचा न्हाई, बाई. बोलवायचा." पावा उभा धरून, माझ्याकडे न बघता म्हातारा म्हणायचा.

कासार आंबोलीतल्या एका फार्महाउसची व्यवस्था मी बघते. चादरी, गॅस, माळी, पाहुणे. म्हातारा शेजारचा. "बाबा, बासरी छान वाजवता," असं मी पहिल्या दिवशी म्हटलं आणि त्याने माझी शिकवणीच घेतली. "बासरी ऐकाया. मुरली देवाच्या हातात शोभाया. ह्यो पावा, गुरांचा." त्याने फुंकर घातली. गोठ्यातून चार म्हशी निघाल्या आणि मुकाट त्याच्यामागे ओढ्यावर गेल्या.

ती वाट आमच्या आवारातून जायची. मालकांनी तिथे लॉन केलं, भिंत घातली, लोखंडी फाटक बसवलं. म्हशी डांबरी रस्त्याने लांबून जाऊ लागल्या. त्यात त्याची एक पारडी डंपरखाली गेली.

मग म्हाताऱ्याने डूख धरला. पाहुण्यांच्या चहाच्या वेळी तो फाटकाबाहेर येऊन पावा फुंकायचा. म्हशी धावत यायच्या, गजांना कपाळ लावून रेकायच्या आणि तिथेच शेणाचा सडा.

मालकांनी मला पाठवलं. "बाबा, पाहुण्यांना त्रास होतो."

"व्हय? मंजी येळेवर येतोय मी. साह्यबाला सांगा, मरायच्या आदी ह्या गवतावर म्हशी बसवनार. बसायला लई ब्येस हाय."

मला हसू आलं.

"हसू नका. शेण तुमालाच काढाया लागंल."

"काढेन," मी म्हटलं.

तुम्हीही असा एखादा खुनशी म्हातारा पाहिला असेल. त्याचं बोलणं आपण हसण्यावारी नेतो.

दिवाळीनंतर म्हातारा गेला. म्हशी लॉनवर बसायच्या राहिल्याच. "चला, कटकट मिटली," असं म्हणून मालकांनी लॉनवर बासरीवादन ठेवलं. वादक पुण्याचे, खुर्च्या पांढऱ्या.

त्या दुपारी मी म्हाताऱ्याच्या सुनेला म्हशी मोकळ्या ठेवायला सांगितलं. तिने कारण विचारलं नाही. फाटकाची कडी मी स्वतः काढली.

बासरीचे पहिले सूर निघाले आणि म्हशी आल्या. खुर्च्या उलटल्या, पाहुणे पांगले. तिघी गवतावर ऐसपैस बसल्या.

"फाटक कुणी उघडलं?" मालक ओरडले.

"मी," म्हटलं. "त्यांची वाट आहे."

थोरली मात्र बसली नाही. तिने वादकाचा हात हुंगला, मान फिरवली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिली.