टाचण्या आणि कासव

कॉलेजची प्रवेशपरीक्षा आठवड्यावर आली, तरी शिवणकाम करणाऱ्या वहिनीचा इंग्रजी उतारा वेळेत संपत नव्हता. अडेल त्या शब्दाला ती सवयीने टाचणी लावायची आणि शब्दकोश उघडून बसायची.

"वहिनी, उतारा वाचतेस की शिवतेस?" नणंद हसली. "आहे तरी काय त्यात?"

"प्रयोगशाळेतून एक कासव पळालंय."

"कासव? आणि पळालं? मग गेलं कुठे?"

आता वहिनीलाही राहवेना. दारातून बागेत, बागेतून रस्त्यावर, ती कासवामागे शेवटच्या ओळीपर्यंत धावली. अडलेले शब्द पुढच्या वाक्यांत आपसूक उलगडत गेले. पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली कासव सापडलं, तेव्हा वेळ शिल्लक होता आणि उरलेल्या टाचण्या डबीतच होत्या.