यंत्रवीराचे दोन डावे हात

भाऊराव सोनटक्के बाजारातून वांगी आणायचे तरी प्रत्येक वांगं डोळ्यांसमोर धरून फिरवून बघायचे, जणू ते आत्ताच लेथवरून उतरलं आहे. वय बहात्तर. मूळचे बुलढाण्याकडचे, पण पन्नास वर्षं घाटकोपरात काढलेली. गोरेगावच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. प्लास्टिक ओतायचे पोलादी साचे कोरायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त आपला व्हर्निअर घरी आणला. एकदा बायकोने, द्रौपदीबाईंनी, सहज विचारलं, "पोळी जाड झाली का हो?" तर यांनी खरोखरच पोळीला व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "दीड मिलिमीटर. चालेल." पुढचे दोन दिवस घरात नुसता भात शिजला.

अशा माणसाला एके दिवशी मुलीने, चेतनाने, ऑफिसातून फोन केला.

"पप्पा, ते जीपचा रोबो होणारं खेळणं तुम्हीच केलं होतं ना? यंत्रवीर?"

"कोणी सांगितलं?"

"आमच्या सुबोध राण्याच्या टेबलावर आहे. मी म्हटलं, याचा साचा माझ्या पप्पांनी कोरलाय. तो खुर्चीतून उठलाच! त्यांचा जुन्या रोबोंचा ग्रुप आहे. रविवारी मुलुंडला जमतायत, तुम्हाला बोलावलंय."

द्रौपदीबाईंनी ऐकलं आणि हसून पदर तोंडाला लावला. "आयुष्यभर लोखंड घासलं, तेव्हा कोणी हाक मारली नाही. आता खेळण्यातल्या गाडीसाठी मानाचं बोलावणं!"

पण भाऊरावांना हसू येईना, कारण यंत्रवीर म्हटलं की त्यांना त्याचा उजवा हात आठवायचा.

चाळीस वर्षांपूर्वी शेठने एक जपानी रोबो आणून टूलरूममध्ये ठेवला आणि म्हणाला, असाच आपला काढा. ड्रॉइंग केलं सीताराम घाडीने, साचा कोरला भाऊरावांनी. डावी मूठ झाली. उजवीसाठी तोच मुठीच्या आकाराचा पत्र्याचा फर्मा उलटा करून लावायचा होता. तो त्यांनी सुलटाच लावला. माल बाहेर पडला तेव्हा रोबोला दोन्ही हात डावे, उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला. शेठ तडक सीतारामच्या टेबलाशी गेला आणि ड्रॉइंग चुकलं म्हणून सगळ्यांदेखत ओरडला. साचा पुन्हा कोरायला वेळ नव्हता, माल तसाच दुकानांत गेला. सीतारामला मात्र त्या दिवसापासून कारखानाभर 'डावऱ्या' हे नाव पडलं ते पडलंच. भाऊराव तेव्हा टेम्पररी होते आणि चेतना पंधरा दिवसांची होती. ते गप्प राहिले. पुढे दोघांनी वीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला. आता दर दिवाळीला मालाडला सीतारामकडे फोन व्हायचा. दर वेळी 'चूक माझी होती' हे वाक्य ओठांवर यायचं, आणि दर वेळी भाऊराव गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवायचे.

रविवारी मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पंधराएक माणसं जमली होती. सगळी चाळिशी-पन्नाशीची, चष्मेवाली, पोटं सुटलेली. हातातल्या रोबोंना मात्र ती तान्ह्या बाळासारखी धरून होती. मधल्या टेबलावर तीन रोबो उभे होते. एक जपानी. एक यंत्रवीर, उन्हाने पिवळा पडलेला. तिसरा कोरा करकरीत, नव्याने केलेला यंत्रवीर. तो निधीचा. निधी दातांची डॉक्टर. ज्या थ्री-डी प्रिंटरवर तिच्या क्लिनिकमध्ये दात छापले जात, त्याच प्रिंटरवर तिने हा छापला होता.

"सांधा बघ ना," निधी म्हणाली. "जुना कुरकुरतो, माझा टक्कन बसतो."

"कुरकुरतो म्हणूनच तो जुना आहे, यार," सुबोध म्हणाला. "आणि तू त्याचा उजवा हात उजवा केलास! वाट लावलीस त्याची. काका, सांगा हिला."

भाऊरावांनी दोन्ही रोबो जवळ ओढले. नव्याची जीप केली, पुन्हा रोबो केला. मग जुना उचलला. लोक पुढे सरकले, कोणी तरी "अहो, सांभाळून" म्हणालं. पण त्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. पाय दुमडले, छाती उलटली, हात आत गेले, आणि चार सेकंदांत जीप टेबलावरून धावत निधीच्या पर्सवर जाऊन आदळली. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. भाऊराव चक्क लाजले.

"नव्याचा सांधा चांगला आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "पण गुडघ्याचं भोक एका बाजूला ओढलंय. पाव मिलिमीटर असेल."

निधीने खिशातून भिंग काढून बघितलं. "बाप रे. आहे खरं."

"बघितलंस?" सुबोध उठून उभा राहिला. "हे असे कारागीर! म्हणूनच मी ग्रुपवर लिहिलं होतं, दोन डावे हात ही चूक नाही. जीप करताना दोन्ही मुठी एकाच बाजूला वळाव्यात आणि बॉनेट नीट बसावं, म्हणून मुद्दाम केलेली युक्ती आहे. जपान्यांना सुचली नाही ती! काका, ही आयडिया तुमचीच ना?"

टाळ्या सुरू झाल्या. चेतनाचा चेहरा तर बापाच्या कौतुकाने नुसता फुलून आला होता. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. भाऊरावांनी जीपचा पुन्हा रोबो केला आणि त्याचा तो उलटा अंगठा चिमटीत धरला.

"युक्ती कसली," ते म्हणाले. "फर्मा उलटा करायला विसरलो मी. चूक आहे ती. माझी." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "आणि तिचा ठपका बसला ड्रॉइंगवाल्यावर, सीताराम घाडीवर. मी तोंड उघडलं नाही."

चेतना बापाकडे बघत राहिली.

मग निधीने टेबलावर हात आपटला. "म्हणजे मी दुरुस्त केलं ते बरोबर केलं!"

"अजिबात नाही!" सुबोध ओरडला. "आता तर दोन डावेच पाहिजेत! ज्याने चूक केली त्यानेच ती कबूल केलीय. असा पुरावा कुठल्या रोबोला मिळतो?"

मग जो गलका उठला! अर्धे उजव्या हाताचे, अर्धे डाव्याचे. भाऊरावांना वाटलं होतं, हे लोक तोंड फिरवतील. इथे तर त्यांच्या चुकीवरून हाणामारीची वेळ आली होती. त्या गोंधळात चेतना बापाच्या कानाशी वाकली. "पप्पा, घाडीकाका तर आहेत ना अजून? इथे सांगितलंत, त्यांना कधी सांगणार?" आणि तिने स्वतःच नंबर लावून स्पीकर चालू केला.

"कोण, भाऊ?" पलीकडून खडखडीत आवाज आला. "दिवाळी नाय, काय नाय. कोण गेलो काय?"

"कोणी गेलं नाही. सीताराम, यंत्रवीराचा उजवा हात... तो मी चुकवला होता. तुझं ड्रॉइंग बरोबर होतं."



"मेल्या, ह्यां सांगूक चाळीस वर्सां लावलंस? माका त्याच दिवशी म्हायत होतां! ड्रॉइंगची कॉपी माझ्या खणात होती."

"मग शेठला का नाही दाखवलीस?"

"आणि तुका घराक धाडूक? तू टेम्पररी, घरात पोर तान्हा. मी परमनंट, वर युनियनचो माणूस. माका तो शेठ काय करतलो? बोंबलान बोंबलान गप ऱ्हवलो." मग आवाज जरा खाली आला. "डावऱ्या म्हणत तेचो मात्र राग येय हां. माझी सून अजून इचारता, तुमी जेवतास तर उजव्या हातान, मग डावऱ्या कशाक?"

सगळा हॉल खो खो हसला. सीताराम दचकला. "कोण हसता रे थंय?"

"पंधरा माणसं आहेत, काका," निधी फोनवर वाकून म्हणाली. "सगळी तुमच्या रोबोसाठी भांडतायत."

"म्हातारे झालात ना रे सगळे, तरी खेळण्यावरून भांडतास? बरां, माझ्याकडे आणा तेका. आणि त्या भाऊक पुढे घाला, तेका मी समोर बघूक होयो."

भाऊरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला, तरी काच काही स्वच्छ होईना.

पुढचा रविवार मालाडचा ठरला. हातांचा निकाल मात्र त्याच दिवशी लागला. निधी दोन्ही प्रकारचे यंत्रवीर काढणार, ज्याला जो हवा त्याने तो घ्यावा. गुडघ्याचं भोक भाऊराव घाटकोपरला बसून तपासून देणार. त्या बदल्यात त्यांनी एकच अट घातली, आणि ती मान्य होईपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत. दोन डाव्या हातांच्या यंत्रवीराच्या प्रत्येक खोक्यावर, मागच्या बाजूला, ठळक अक्षरांत छापायचं: 'ड्रॉइंग: सीताराम घाडी. ड्रॉइंगमध्ये उजवा हात उजवाच आहे.'