एक वायर काढली की चालतं

दोन हजार दहाच्या आसपास मी कसालजवळ हायवेला लागून असलेल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला होते. तिथला कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी. कोल्हापुरात इंजिनिअरिंग करून मालवणला घरी परत आले होते, आणि आमच्या व्यवस्थापक साहेबांच्या मते जी मुलगी परत येते तिला फारसं काही येत नसणार. घाटावरून गाडी करून आलेल्या माणसाचं मात्र त्यांना भारी कौतुक. तो नुसता शिंकला तरी साहेब मान डोलवायचे.

त्या वर्षी जुने सर्व्हर मोडीत काढून एकच मोठा सर्व्हर घेतला होता. केसपेपर, लॅब, औषधांचं दुकान, सगळ्यांचे वेगवेगळे व्हर्च्युअल सर्व्हर त्या एका यंत्राच्या पोटात चालायचे. त्याच्यापासून नेटवर्कच्या स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या मशीनांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तिथपर्यंत, दोन केबल टाकल्या होत्या. दोन्ही मिळून एकच रुंद रस्ता व्हावा, आणि एक तुटली तरी काम थांबू नये, असा बेत होता. सर्व्हर पुण्याच्या कंपनीने दिला, स्विच मुंबईच्या.

प्रत्यक्षात दोन्ही केबल लावल्या की निम्म्या मशीनांना सर्व्हर दिसायचाच नाही. केसपेपरच्या खिडकीत एक मशीन चालू, शेजारचं मेलेलं. एक केबल उपटली की सगळी जिवंत. खिडकीवर बसणाऱ्या काकींनी मला बघितलं की सुरुवात व्हायची.

"गो, माजा परत बंद पडला! एक वायर काढल्यार चलता, मगे ती दुसरी लावतत कित्याक?"

"काकी, आज इंजिनिअर येतलो."

"कालपण इल्लो. खंय काय झाला?"

तिकडे रांग दारापर्यंत आलेली असायची. कुणकेश्वरच्या बाजूहून पहाटेची एसटी पकडून आलेली माणसं तापलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेली.

पुण्याचा सर्व्हरवाला टाय लावून आला. त्याने सर्व्हरकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आयटीचं कोण बघतं इथे?"

"मीच."

"नाही, म्हणजे टेक्निकल?"

मग त्याने निदान केलं. "तुमच्याकडे खारी हवा. कनेक्टर गंजतात. व्हर्च्युअल साइडला इश्यू असूच शकत नाही." कसालहून समुद्र दिसतसुद्धा नाही. केबल आदल्याच आठवड्यात खोक्यातून काढल्या होत्या. पण साहेबांनी लगेच नवीन केबलची ऑर्डर द्यायला सांगितली.

मुंबईचा स्विचवाला मालवणला लॉजवर उतरला होता. तो उन्हं चढल्यावर यायचा, स्विचला लॅपटॉप जोडायचा, काहीतरी बदलायचा, आणि जेवणाच्या वेळेआधी निघायचा. सुरमई संपते म्हणे लवकर. जाताना सांगायचा, "आमच्या बाजूने ओके आहे. सर्व्हरवाल्यांना कळत नाही."

हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. एक खोलीत शिरला की दुसऱ्याला फोन यायचा. दोघांचा निरोप माझ्यामार्फत, आणि निरोप एकच: दुसरा गाढव आहे. त्या एका बाबतीत दोघांचंही बरोबर होतं.

रविवारी घरी बसून मी दोन्ही यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचल्या. गोष्ट फार मोठी नव्हती. स्विच सर्व्हरला आधी हाक मारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. आमच्या सर्व्हरला ती भाषाच येत नव्हती. म्हणून हाक न मारता, दोन्ही केबल एकच धरून चाल, असं स्विचला ठोकून सांगायचं होतं. सर्व्हरलाही दोन केबलींवर रहदारी वाटण्याची पद्धत बदलायला सांगायचं होतं. दोन्ही बदल एकाच वेळी. या शहाण्यांनी आपापला बरोबर बदल एकेकदा केलाही होता. पण स्विचवाल्याने केला तेव्हा सर्व्हर जुन्या पद्धतीवर होता. चाललं नाही, म्हणून त्याने तो उलटवला. नंतर सर्व्हरवाल्याने आपला केला, तोवर स्विच परत हाका मारायला लागला होता.

सोमवारी मी दोघांना सर्व्हरच्या खोलीत बसवलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"स्विच आत्ता कुठल्या मोडला आहे?"

"एलएसीपी. स्टँडर्ड आहे मॅडम," स्विचवाला म्हणाला.

"ते हाका मारणं काढा. स्टॅटिक करा, न विचारता दोन्ही केबल एकच धरायच्या."

"ते मी पहिल्याच दिवशी केलं होतं. चालत नाही."

"परत करा." मग मी दुसऱ्याकडे वळले. "तुमचं रहदारी वाटणं आता आयपी हॅशवर आहे ना? ते तसंच राहू दे. हात लावू नका."

"पण प्रॉब्लेम माझ्या बाजूला नाहीच..."

"हात लावू नका म्हटलं ना."

स्विचवाल्याने कपाळाला आठ्या घालून दोन ओळी टाइप केल्या. मी दोन्ही केबल लावल्या आणि केसपेपरला फोन केला.

"चलतत गो," काकी म्हणाल्या. "सगळी." आणि फोन ठेवला, कारण समोर माणसं होती.

मी एक केबल उपटली. चालू. ती लावून दुसरी उपटली. चालू. मग सर्व्हरवाला म्हणाला, "बघा, स्विचलाच इश्यू होता." स्विचवाला म्हणाला, "मी हेच पहिल्या दिवशी केलं होतं." मला वाटलं होतं मी चिडेन. पण चीड यायलाही समोरच्याबद्दल थोडा आदर लागतो.

साहेबांनी दोघांना नारळ आणि कोकम सरबताची बाटली देऊन निरोप दिला. माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकून घेतलंत ना त्यांच्याकडून?" मी हो म्हटलं. त्या माणसाला समजावण्यात दुपार घालवायची माझी तयारी नव्हती.

पुढे काही महिन्यांनी सर्व्हरवाल्याचा फोन आला. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात अडकला होता. आवाजात टाय नव्हता.

"मॅडम, ते आपण त्या दिवशी नेमकं काय केलं होतं?"

आपण. मी फोन ठेवून देणार होते. पण त्याच्या मागून लहान मुलाचं रडणं आणि कुणाचं तरी नंबर पुकारणं ऐकू येत होतं. मी सावकाश सगळं सांगितलं, एकेक पायरी. तो स्पेलिंग विचारत होता.

आभार न मानता त्याने फोन ठेवला. बहुधा चाललं असावं, कारण परत फोन आला नाही.